जुनी रेकॉर्ड, नवा भाव

बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या तरुण कामगाराच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणे बनवली, त्यांवर चामडे चिकटवले आणि पुन्हा गिटार हाती घेतली. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ बँडची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. तेव्हा अनेक समीक्षकांनी ती झिडकारली. आज हेवी मेटल संगीताची सुरुवात तिच्यापासून मानतात. म्हणूनच सुरुवातीच्या ब्रिटिश प्रतींना शौकीन चांगला भाव देतात.

व्यापारी बंधूंनी मात्र नुसत्या नावावर जाऊ नये. व्हर्टिगो कंपनीचे काळे-पांढरे भोवऱ्याचे लेबल हे जुन्या प्रतीचे चिन्ह. अंतराळयानाचे चित्र असेल तर प्रत १९७३ किंवा त्यानंतरची. ओरखडे, फाटके कव्हर गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. माल जुना असला तरी बोली खरी हवी.