तैलरंगाच्या नादी लागताना...

सगळ्यात आधी एक कबुली देते. माझं शिक्षण केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होतं, पण फक्त मार्कांपुरतं. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. दुसरी कबुली जरा मोठी आहे, ती पुढे येईलच!

तर झालं असं, की आमच्या मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवरचे मामा मार्चअखेर रिटायर होणार, ही बातमी फेब्रुवारीत मेसमध्ये कळली. नऊला एक मिनिट झालं तरी लेट रजिस्टरमध्ये सही करायला लावणारे मामा. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ओळखीच्या झेरॉक्सवाल्याला फोन करून दुकान उघडायला लावणारेही तेच मामा. निरोपाला काय द्यायचं यावर चर्चा झाली. शाल-श्रीफळ, घड्याळ, स्टीलचा डबा... तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हिने एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्यात. ही काढेल की मामांचं चित्र!" आणि मी जोशात बोलून बसले, "काढते ना, ऑइल पेंटिंग काढते!"

खरं सांगायचं तर ऑइल पेंटची ट्यूब मी तोपर्यंत उघडलीसुद्धा नव्हती. हातात होते सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत जे शिकले (आणि जे बिघडवलं), ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून हा खटाटोप.

तैलरंग म्हणजे नक्की काय?

रंगाची बारीक पूड आणि ती बांधून ठेवणारं तेल, एवढंच! तीच पूड डिंकाच्या पाण्यात घोटली की जलरंग होतो आणि जवसाच्या (म्हणजे अळशीच्या) तेलात घोटली की तैलरंग. होय, तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो.

मग प्रश्न पडतो, की जवसच का? खोबरेल किंवा मेसमधलं शेंगदाणा तेल का नाही? इथे फर्स्ट इयरचं केमिस्ट्री कामाला येतं. जवसाच्या तेलात डबल बाँड भरपूर असतात. ते हवेतला ऑक्सिजन घेतात, रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा होतो. तेलाचा आयोडीन नंबर हे याचंच माप. खोबरेलाचा तो १० च्या आसपास, तर जवसाचा १७० च्या वर. म्हणून खोबरेल वर्षभर ठेवलं तरी तेलच राहतं आणि जवसाचं तेल पातळ थरात घट्ट होतं. अक्रोडाचं आणि खसखशीचं तेलही असंच घट्ट होतं.

म्हणजे तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. सिव्हिलवाल्यांसाठी सोप्या शब्दांत सांगते: काँक्रीट जसं वाळत नाही, सेट होतं, तसंच हे! काँक्रीटला पाणी लागतं, रंगाला हवा लागते. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की तैलरंगाचे निम्मे नियम आपोआप कळतात.

हे तंत्र युरोपातल्या यान व्हान आइकने शोधलं असं पूर्वी सांगत. ते काही खरं नाही. अफगाणिस्तानात बामियानच्या गुहांमधली सातव्या शतकाच्या सुमाराची भित्तिचित्रं तपासली, तेव्हा त्यांत अशी घट्ट होणारी तेलं सापडली. हे २००८ मध्ये जाहीर झालं. व्हान आइक पंधराव्या शतकातला. त्याने तंत्र शोधलं नाही, पण फार वर नेऊन ठेवलं. आपल्याकडे तैलचित्र म्हटलं की राजा रविवर्मा (१८४८-१९०६) आठवतात. त्रावणकोरच्या दरबारात आलेला युरोपियन चित्रकार थिओडोर जेन्सन कसं रंगवतो, ते बघत बघत ते शिकले. साताऱ्याजवळ औंधच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत, सुट्टीत जरूर बघून या. आणि हो, हातात दिवा धरलेल्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र, 'ग्लो ऑफ होप', ते रविवर्म्यांचंही नाही आणि तैलरंगातलंही नाही! ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी जलरंगात काढलंय, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मी कित्येक वर्षं ते ऑइल समजत होते.

साहित्य : कमीत कमी काय लागतं?

दुकानात गेलात की चोवीस ट्यूबचा डबा घ्यायचा मोह होतो. घेऊ नका! पाच रंग पुरतात: टिटॅनियम व्हाइट (याची मोठी ट्यूब घ्या, हा सगळ्यात आधी संपतो), यलो ऑकर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि क्रिम्सन. काळा नकोच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळले की छान गडद काळपट रंग मिळतो आणि तो ट्यूबमधल्या काळ्यासारखा मेलेला दिसत नाही. नावात कॅडमियम किंवा लेड असलेले रंग सुरुवातीला टाळा, ते विषारी असतात. आणि कुठलाही रंग असो, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात वडापाव, हे चालणार नाही.

ब्रश तीन: दोन चपटे, राठ केसांचे (एक रुंद, एक अरुंद) आणि बारीक कामाला एक गोल, मऊ. पॅलेट विकत घ्यायची गरज नाही. मी बांधकामावर उरलेली एक ग्लेज्ड टाइल वापरते, पुसली की लख्ख! शिवाय जवसाच्या तेलाची छोटी बाटली, टर्पेंटाइन, झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या आणि जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या. माझा सगळा खर्च मेसच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा कमी आला.

आता चित्र कशावर काढायचं? माझा पहिला प्रयोग ईडीच्या उरलेल्या ड्रॉइंग शीटवर होता. दुसऱ्या दिवशी प्रत्येक रंगाभोवती तेलाचं कडं उमटलेलं, अगदी वर्तमानपत्रावर भजी ठेवल्यासारखं! कागद आणि कोरं कापड तेल पिऊन टाकतात. मग रंग कोरडा, भुसभुशीत पडतो आणि तेलामुळे कापडही हळूहळू कुजतं. म्हणून आधी जेसो नावाचं पांढरं अस्तर लावतात. दुकानात मिळणाऱ्या कॅनव्हास बोर्डला ते लावलेलंच असतं. सुरुवातीला दहा बाय बारा इंचाचा बोर्ड घ्या, जास्त मोठा नको.

सायीचा धडा

दुसरा प्रयोग बोर्डवर केला. यावेळी म्हटलं, मस्त चकाकी आली पाहिजे. म्हणून सरळ रंगात भरपूर तेल ओतलं. दोन-तीन दिवस चित्र इतकं सुंदर दिसत होतं की मी आईला फोटोसुद्धा पाठवला. आठवड्याभरात वरचा थर आकसला आणि मामांच्या गालावर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या! मामांचं वय साठ, चित्रातल्या मामांचं नव्वद!!

कारण उघड आहे. हवा वरून लागते, त्यामुळे वरचा भाग आधी घट्ट झाला आणि फुगला, खालचा ओलाच राहिला. यावरूनच तैलरंगाचा सगळ्यात मोठा नियम येतो: खालचा थर कोरडा, वरचा थर तेलकट. खालच्या थरात टर्पेंटाइन घालून तेलाचं प्रमाण कमी ठेवायचं, म्हणजे तो लवकर घट्ट होतो. वर जाल तसं तेल थोडं थोडं वाढवायचं. उलट केलंत, तर वरचा कडक थर बसलेला आणि खालचा अजून हलतोय अशी अवस्था होते, मग आज ना उद्या तडे जाणारच. कच्च्या प्लास्टरवर घाईने रंग मारला की पोपडे निघतात ना, तसंच काहीसं समजा.

तिसरं चित्र : पायरी पायरीने

आता उरले होते जेमतेम चार आठवडे. मामांना तीन संध्याकाळी गेटवरच्या खुर्चीत बसवलं. "मला काय बसवताय ताई, त्यापेक्षा गेट रंगवा, गंजलंय," म्हणत होते, पण बसले. टोपी मात्र काढली नाही.

पहिली पायरी म्हणजे बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या बोर्डवर फासला आणि चिंधीने पुसून चहासारखा रंग ठेवला. पांढऱ्या पाटीवर कुठलाही रंग गडदच वाटतो, म्हणून ही सोय. मग त्याच रंगाने चेहऱ्याची बाह्यरेषा काढली.

दुसरी पायरी : फक्त उजेड आणि सावली. डोळे किलकिले करून बघायचं. बारकावे गायब होतात आणि गडद-फिकटाचे चार-पाच मोठे आकार उरतात. सावलीत अंबर वाढवायचा, उजेडाच्या जागी चिंधीने पुसून घ्यायचं. नाक-डोळे काढायची घाई इथेच नडते. आकार चुकले असतील तर पापण्यांचे केस मोजून काही उपयोग नाही! अंबर वापरायचं आणखी एक कारण म्हणजे त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. माझा थर तीन दिवसांत हाताला लागेनासा झाला.

तिसरी पायरी रंगांची. त्वचेला यलो ऑकर, पांढरा आणि क्रिम्सन अगदी चिमटीभर. सावलीत पांढरा नाहीच, तिथे अंबर आणि किंचित निळा. प्रत्येक रंग टाइलवर मिसळून मगच लावायचा. एकाच जागी ब्रश घासत बसलात तर पाच रंगांचा मिळून चिखल होतो. दोनदा लावा आणि हात काढून घ्या! शेवटी सगळ्यात उजळ जागा (माझ्या चित्रात नाकाचा शेंडा आणि टोपीची कड) जाड रंगाने.

आता ती मोठी कबुली

रंगाचा थर लावत होते त्या आठवड्यातली गोष्ट. तेलाने माखलेल्या चिंध्या मी चुरगाळून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकायचे आणि खोकं टेबलाखाली, जर्नल्सच्या शेजारी. एका रात्री अकराच्या सुमारास रूममेट म्हणाली, "कसला तरी जळका वास येतोय." खोक्यात हात घातला तर आतल्या चिंध्या चक्क गरम! इस्त्रीखालून काढलेल्या कपड्यासारख्या. आम्ही ओरडतच खाली गेलो. मामांनी काही न विचारता खोकं उचललं, मोकळ्या अंगणात नेलं आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं.

मंडळी, हे नीट वाचा. जवसाचं तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर टाकतं. चित्रावर पातळ थर असतो, उष्णता उडून जाते. पण चुरगाळलेल्या ढिगात ती अडकते, तापमान वाढतं, त्याने क्रिया आणखी जोरात होते, आणि काडी न लावता चिंध्या पेट घेतात! त्या मजल्यावर त्या रात्री तीसेक मुली झोपलेल्या होत्या. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

मामा एवढंच म्हणाले, "सकाळी मॅडमना तुम्ही स्वतः सांगा, मी सांगणार नाही." सांगितलं. रेक्टर मॅडम रागावल्या, बरोबरच होतं. पण चित्र बंद करायला लावलं नाही. मागच्या व्हरांड्यात जागा दिली आणि खोलीत रंगकाम बंद. तेव्हापासूनचे नियम असे: चिंध्या एकेक मोकळी करून उघड्यावर वाळवायच्या, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. टर्पेंटाइनही चटकन पेटतं आणि त्याच्या वाफेने डोकं दुखतं, म्हणून काम मोकळ्या हवेत. ते बेसिनमध्ये ओतायचं नाही. बरणीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येतं. ब्रश धुवायला तर ते फारसं लागतही नाही. ब्रश पुसा, साध्या गोडेतेलात घोळवा (ते घट्ट होत नाही, आठवतंय ना?), पुन्हा पुसा आणि अंगाच्या साबणाने धुवा.

शेवटी...

३१ मार्चला संध्याकाळी गेटवरच छोटासा कार्यक्रम झाला. चित्र दिलं तेव्हा टोपीची कड अजून ओली होती, म्हणून बजावून सांगितलं, की कागदात गुंडाळू नका, चिकटेल. मामांनी चित्र लांब धरून बराच वेळ बघितलं. डावा कान मोठा झालाय, ते मलाही माहीत आहे. ते म्हणाले, "टोपी बरोबर आलीय." मग चित्र तसंच उघडं, दोन्ही हातांत ताटासारखं धरून एसटीकडे निघाले.

तैलचित्राला व्हार्निश लगेच लावत नाहीत. आतपर्यंत घट्ट व्हायला सहा महिने ते वर्षभर लागतं. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मला बाटली घेऊन मामांच्या गावी जायचंय. त्यांनी पत्ता लेट रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून दिलाय.

कुणाला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी मागच्या व्हरांड्यात या. टाइल माझी, रंग वाटून घेऊ. चिंध्यांचा डबा मात्र मी आधी तपासणार!

— तृतीय वर्ष सिव्हिल, मुलींचे वसतिगृह