ढोकीत घर घेताना कागद कोणता पाहाल?

तेरणा साखर कारखान्यामुळे ठाऊक असलेल्या ढोकीत घराचा व्यवहार ठरला की विकणारा पहिल्यांदा ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ काढून दाखवतो. तो कर आकारणीचा उतारा आहे. मालकी सिद्ध करायला एकटा पुरेसा नाही. गावठाणातल्या घराची स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका मागा. योजना २०२० साली सुरू झाली.

गावठाणाबाहेरचा प्लॉट असेल तर सातबारा, जुने फेरफार आणि बिनशेती आदेश वाचा. इथे घाई नको. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि मराठवाड्यात इनामी जमिनी पुष्कळ. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसले, तर विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते का, हे तहसीलमध्ये विचारूनच इसार द्या. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवालही घ्यावा. बँक कर्ज देताना तो मागतेच.

नुसत्या बाँडवर नोटरी करून ‘घर नावावर झालं’ म्हणणारे अजून भेटतात. नाही होत. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते, तेही सह्या झाल्यापासून चार महिन्यांत. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि शासकीय बाजारमूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर बसते. नोंदणीनंतर सूची क्रमांक २ ची प्रत घ्या आणि फेरफाराला लागा. ग्रामपंचायतीतही नाव बदलून घ्या, नाहीतर घरपट्टीची पावती जुन्या मालकाच्याच नावाने येत राहील.