डीव्हीआर आहे, पण रेकॉर्डिंग आहे का?

आंधळगाव म्हणजे कोशाचं गाव. माग घरात, माल घरात. मग कॅमेरे लावावेसे वाटणारच. पण कॅमेरा नुसता बघतो. जपून ठेवते ती डीव्हीआरमधली हार्ड डिस्क, आणि ती भरली की जुनं पुसून नवं लिहिते. २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे चोवीस तास चालले, तर १ टीबी डिस्क साधारण १०-१२ दिवसांत भरते.

मोठी डिस्क टाकायची तर सीसीटीव्हीसाठीची ‘सर्व्हेलन्स’ डिस्कच घ्या. आपला डीव्हीआर किती टीबी घेतो, ते आधी विचारा. लाइट जाते, म्हणून छोटा यूपीएस जोडा. कंपनीचा पासवर्ड लगेच बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते.

काही घडलंच, तर त्याच दिवशी पेनड्राइव्हवर कॉपी काढा. मूळ डिस्क फॉरमॅट करू नका. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं.

आज रात्री एवढंच करा: आठ दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग लावून बघा. दिसलं तरच हिफाजत आहे, नाहीतर भिंतीवर नुसता डबा!