दात घासण्याची बास पद्धत
दातांवर सतत साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट, जवळजवळ रंगहीन थराला प्लाक म्हणतात. हा थर दात आणि हिरडी यांच्यामधील उथळ खाचेत राहिला, तर हिरड्या सुजून त्यांतून रक्त येऊ लागते आणि पुढे लाळेतील क्षारांमुळे तो कठीण होऊन त्याचे कीटण बनते, जे ब्रशने निघत नाही. म्हणूनच अमेरिकी वैद्य चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत या खाचेच्या स्वच्छतेवर मुख्य भर असतो. मऊ केसांचा ब्रश दाताशी ४५ अंशांचा कोन करून, केसांची टोके हिरडीच्या कडेकडे वळवून धरावा आणि एका वेळी दोन-तीन दातांवर जागच्या जागी अलगद पुढे-मागे हलवावा. समोरच्या दातांच्या आतील बाजूस मात्र तो उभा धरावा. जोर लावून आडवे घासल्यास हिरड्या मागे सरकतात व दातांची मुळे उघडी पडतात. तंबाखूच्या मिश्रीने दात स्वच्छ राहतात हा समज घातक आहे, कारण तिच्यामुळे मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, किमान २ मिनिटे दात घासावेत.