जर्मनचा जोड

आपल्या घरात जर्मनचे पातेले असते. त्यात भात शिजतो, चहा उकळतो. हे जर्मन म्हणजेच ॲल्युमिनियम. हाच धातू मोटारीतही असतो. गिअरबॉक्स, इंजिनाचे हेड, रेडिएटर असे भाग पुष्कळ गाड्यांत ॲल्युमिनियमचे असतात. १९४८ साली इंग्लंडात लँड रोव्हर गाडी निघाली. युद्धानंतर तिकडे पोलादाची टंचाई होती. म्हणून त्या गाडीचे बरेचसे अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे केले.

हा धातू हलका असतो. तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या मानाने त्याचे वजन सुमारे एक तृतीयांश भरते. त्याला तांबडा गंजही चढत नाही. पण तो तुटला, तर जोडणे सोपे नसते.

समजा, गावातल्या एका पोराने जुनी जीप घेतली. घरीच दुरुस्त करायची, असे ठरवले. गिअरबॉक्सच्या कवचाला चीर होती. घरी वेल्डिंगचे यंत्र होतेच. त्यावर तो फाटक आणि अवजारे जोडत असे. त्याने लोखंडाची कांडी लावली. जोड झाला नाहीच, उलट चिरेच्या जागी भोक पडले. मग तो तालुक्याच्या मिस्त्रींकडे गेला.

"काका, लोखंड तर मी रोज जोडतो. मग हे का जमंना?"

मिस्त्री म्हणाले, "बाळा, दुधावर साय धरते ना? तशी ॲल्युमिनियमवर पण एक साय असते. सगळा घोळ तिचा आहे."

ही साय हवेतल्या प्राणवायूमुळे धरते. ती इतकी पातळ असते, की डोळ्यांना दिसत नाही. घासून काढली तरी लगेच नवी धरते. ॲल्युमिनियम ६६० अंश उष्णतेला वितळते. पण वरची साय वितळायला २००० अंशांहून जास्त उष्णता लागते. म्हणजे आतला धातू पाण्यासारखा होतो, तरी वरची साय तशीच राहते. मग दोन कडा एकजीव होत नाहीत.

दुसरी अडचण रंगाची. लोखंड तापले, की आधी लाल होते, मग पिवळे होते. लोहार रंग बघून ताव ओळखतो. ॲल्युमिनियम असा इशारा देत नाही. ते पांढरेच दिसते आणि एकाएकी ढासळते.

तिसरी अडचण उष्णतेची. जर्मनच्या पातेल्याचा काठ किती लवकर चटका देतो! या धातूत उष्णता झटकन पसरते. म्हणून जोडाची जागा लवकर तापत नाही. जाड भाग आधी थोडा गरम करून घ्यावा लागतो.

मग जोड होतो कसा? त्याची रीत अशी आहे.

पहिले काम सफाईचे. आधी तेल आणि ग्रीस पुसून काढावे. मगच तारेच्या ब्रशने घासावे. उलट केले, तर ब्रश तेल आत चोळतो. तेल किंवा ओल राहिली, तर जोडात बारीक छिद्रे पडतात. ब्रश स्टेनलेस स्टीलचा हवा आणि तो फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवावा.

दुसरे काम चिरेचे. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावे. त्यामुळे चीर पुढे पळत नाही. मग चीर कोरून तिची चर करावी. म्हणजे जोड खोलवर बसतो.

तिसरे काम जोडण्याचे. याला टिग वेल्डिंगचे यंत्र लागते. त्यात उलटसुलट वाहणारी वीज वापरतात. वीज एका दिशेने वाहते तेव्हा साय फुटते. दुसऱ्या दिशेने वाहते तेव्हा धातू वितळतो. भोवती आर्गन वायू सोडतात. तो हवेला जोडापाशी येऊ देत नाही. भरणीची कांडीही ॲल्युमिनियमचीच असते.

पोरगा म्हणाला, "समजलं, काका. पेट्रोलच्या टाकीला पण भोक आहे. ती तर रिकामीच आहे. ती आधी जोडून टाकतो."

मिस्त्री एकदम गंभीर झाले. "नको रे बाबा! रिकामी टाकी फार घातकी. पेट्रोल संपलं तरी त्याची वाफ आत राहते. एक ठिणगी पडली, की टाकी बॉम्बसारखी फुटते. ती घरी जोडायची नाही."

मिस्त्रींनी आणखी काही गोष्टी बजावल्या. त्या आपणही लक्षात ठेवाव्यात.

काचेच्या टोपाशिवाय ठिणगीकडे बघू नये. डोळे भाजतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. जवळ पोरे उभी असतील, तर त्यांना दूर करावे.

बंद खोलीत किंवा खड्ड्यात काम करू नये. आर्गन हवेपेक्षा जड असतो. तो खाली साचतो आणि माणूस नकळत गुदमरतो.

गाडीवरच जोड द्यायचा असेल, तर आधी बॅटरीची तार काढावी. यंत्राला अर्थिंग पक्के असावे. आकडा टाकून वीज घेऊ नये.

स्टिअरिंग, ब्रेक आणि चाक यांचे भाग घरी जोडू नयेत. तापल्यामुळे जोडाशेजारचा धातू पुष्कळदा मऊ पडतो. वरून जोड चांगला दिसतो, पण घाटात दगा देतो. असा भाग बदलावाच.

पोराने टाकी तशीच ठेवली. मिस्त्रींच्या हाताखाली तो आधी भंगारातल्या तुकड्यांवर शिकला. मग त्याने गिअरबॉक्सची चीर जोडली.

हात शिकायला वेळ लागतो. पण गेलेला डोळा आणि गेलेला जीव परत येत नाही. म्हणून आधी शिकावे, मग जोडावे.