हलकी फौज आणि घोडा कोणाचा

फ्रेंच सैन्यांत हुसार नांवाचे हलके स्वार आले ते हंगेरीच्या नमुन्यावरून. चौदाव्या लुईच्या पदरीं त्यांचें पहिलें पथक इ. स. १६९२ त उभें राहिलें. टेहळणी करणें, रसद तोडणें, पळत्या शत्रूचा पाठलाग करणें, हीं त्यांचीं कामें. त्याच सुमारास कर्नाटकांत संताजी घोरपडे हींच कामें फार मोठ्या प्रमाणावर करीत होता. त्याच्या घराण्याचें ठाणें कापशी, कोल्हापूरपासून जवळच, कागल तालुक्यांत आहे.

मराठी घोडदळांत बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा, शिलेदाराचा स्वतःचा. शिवकालीन पागेची रचना सभासदानें दिली आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी, ५ हजाऱ्यांवर पंचहजारी, दर २५ घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यांत छावणी, दसऱ्यानंतर मुलूखगिरी. मावळे व कोंकणचे हेटकरी हें आमचें हलकें पायदळ होय.

इ. स. १६९५ त दोड्डेरीजवळ संताजीनें कासीमखानास गांठलें, तेव्हां फौजेच्या तीन तुकड्या केल्या. एकीनें पुढें गेलेलें सामान लुटलें, दुसरीनें खानास झुंजविलें, तिसरी राखून ठेविली. काळे प्यादे म्हणून प्रसिद्ध असलेले कानडी बंदूकवालेही त्याच्या बरोबर होते. खान गढींत कोंडला गेला व तेथेंच मेला. याला निव्वळ लुटालूट म्हणणारांनीं त्या राखीव तुकडीचा विचार करावा.

पुढें पेशवाईंत शिलेदारांचा भरणा वाढला. घोडा पडला तर शिलेदाराची उपजीविकाच बुडे. मग तो निकराच्या लढाईंत घोडा कां घालील? इ. स. १७८४ त महादजी शिंद्यांनीं द बॉयन यास चाकरीस ठेविलें (तो जन्मानें सॅव्हॉयचा, फ्रेंच म्हणण्याचा केवळ प्रघात) आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. या पलटणींमुळें गनिमी कावा सुटला व राज्य बुडालें, असें पुष्कळांचें मत आहे. आम्हांस तें पटत नाहीं. पागेचें बळ त्यापूर्वींच ओसरूं लागलें होतें. इ. स. १८०३ त असईच्या रणांत पलटणी व तोफा शर्थीनें लढल्या; घोडदळ मात्र फारसें न झुंजतां निघून गेलें.