इंजिन आधी की टायर आधी?

"अरे, इंजिन कशाला वाढवतोस? टायर घे आधी!"

विश्रांतवाडीत, धानोरीत किंवा टिंगरेनगरच्या गल्लीत संध्याकाळी असले वाद कानावर पडतात. पायरीवर एक मोबाईल आणि त्याच्याभोवती चार डोकी. कामावरून थकून आलेल्या बापाला वाटते, पोरे वाया चालली. आमचे म्हणणे असे की पालकांनी घटकाभर शेजारी बसून हा वाद नीट ऐकावा.

खेळाचे नाव 'हिल क्लाइंब रेसिंग'. फिनलंडच्या फिंगरसॉफ्ट कंपनीने तो २०१२ साली काढला. साध्या मोबाईलवर चालतो आणि नेट संपले तरी अडत नाही. दोनच पायडल, एक गॅसचे व एक ब्रेकचे. चढउताराच्या वाटेवर पुढे जात नाणी गोळा करायची. पेट्रोल संपले किंवा गाडी उलटून चालकाचे डोके आपटले की खेळ खलास. जमलेल्या नाण्यांतून जीपचे चार भाग सुधारता येतात: इंजिन, सस्पेन्शन, टायर आणि चारही चाकांना जोर देणारी फोर व्हील ड्राइव्ह. प्रत्येक पायरीला भाव चढत जातो. नाणी थोडी आणि गरजा चार, म्हणजे पगाराच्या दिवशी आपल्या घरात होतो तोच हिशेब.

नवखे पोर सगळी नाणी इंजिनात ओतते. जोर वाढला की गाडी पळेल, ही साधी समजूत. पण चढावर गॅस दाबताच जीपचे नाक वर उठते, पुढची चाके रस्ता सोडतात आणि गाडी पाठीवर पडते. कारण जोर चाकात आला, तरी तो जमिनीवर उतरवायला टायरची पकड लागते. पुढची चाकेही ओढू लागली तर नाक खाली राहते. उडी मारून गाडी खाली येते तेव्हा दणका सस्पेन्शनने गिळला नाही, तर ती चेंडूसारखी उसळते. दिवे घाटात भरलेला टेम्पो चढवणाऱ्या दादाला हे सांगावे लागत नाही. नुसत्या इंजिनावर घाट चढत नाही, हे त्याला हाताने ठाऊक आहे.

बरे, एकदा जमवलेली गाडी सगळीकडे चालेल असेही नाही. बर्फाच्या वाटेवर चाके घसरतात, तिथे टायरवरचा खर्च कामी येतो. चंद्रावर ओढ कमी असल्याने गाडी हवेत तरंगत राहते. तिथे हवेतच ब्रेक दाबून नाक खाली व गॅस देऊन वर करावे लागते. (त्या चालकाचे नाव न्यूटन बिल ठेवले आहे, ते उगाच नाही.) २०१६ साली आलेल्या दुसऱ्या भागात तर लोहचुंबक, पंख, वजन, छताचा पिंजरा असे सुटे भाग मिळतात, पण एका वेळी मोजकेच लावता येतात. मग कोणता ठेवायचा आणि कोणता काढायचा? आमच्या मते खेळाची खरी गंमत या निवडीत आहे.

गोची वेगळीच आहे. नाण्यांबरोबर खेळात हिरेही असतात आणि ते खऱ्या रुपयांना विकले जातात. आईच्या मोबाईलवर खाते जोडलेले असेल तर एका बोटाने पैसे जातात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे. ती आजच लावून घ्यावी. विकतचे हिरे घेणाऱ्या पोराचे डोके चालणे तिथेच थांबते, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

आणखी एक. मोबाईलवर गाडी बदलणारा पोरगा उद्या भावाच्या मोटारसायकलचा सायलेन्सर बदलायला निघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा मनमानी बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. वर गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. फुलेनगरचे आरटीओ आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत मोटारसायकलची किल्ली कपाटात राहू द्या.

ज्या पोराला किंवा पोरीला 'गाडी का उलटली?' हा प्रश्न सुचतो, त्यांच्यासाठी रस्ता आहे. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ सालची 'एआरएआय' ही संस्था आहे. गाड्या आणि त्यांचे भाग तिथे तपासले जातात. कोणता भाग कुठे टिकतो, हे बघणे हीच तिथल्या लोकांची नोकरी. आणि दहावी झाल्यावर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. इंजिन, गिअर, सस्पेन्शन, ब्रेक तिथे हाताने उघडून जोडायला शिकवतात. पुण्यात औंधला सरकारी आयटीआय आहे. दहावीच्या निकालानंतर प्रवेशाचे अर्ज सुटतात, तेव्हा मुलाला सोबत घेऊन तिथले वर्कशॉप एकदा दाखवून आणावे.